भित्री बंदूक

आमच्या घरातली बंदूक माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. मी पद्मावती मगदूम. गावात सगळे पद्माक्का म्हणतात. दूध संस्थेत फॅट मशीनवर बसते आणि काल फॅट सहा-पाच लागली होती, आज पाच-नऊ कशी, असली भांडणं सकाळ-संध्याकाळ ऐकते. आमचं घर जैनाचं. मुंगी मारायची नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. आणि तालुक्याच्या कचेरीत माझी नोंद आहे शस्त्रधारक म्हणून. ऐकणाऱ्याला हसू येतं. मला आता तेही येत नाही.

बंदूक मागवली ती आमच्या सन्मतीनं, म्हणजे माझ्या मुलानं. तो पुण्यात राहतो, दहाव्या मजल्यावर, जिथं पाणी यायचं तर टँकरचंच येतं. मागच्या मोठ्या पुरात नदीपलीकडच्या गावांमधे होड्यांतून चोर आले होते. माडीवर एकटी राहिलेली माणसं बघून मारहाण केली, दागिने नेले, एक म्हातारा त्यात गेला. तेव्हापासून टीव्हीवर रोज तेच दळण. एक बाजू म्हणायची, पोलीस पोचेपर्यंत माणसानं काय हात चोळत बसायचं? पूरपट्ट्यातल्या घराघरात बंदूक द्या. दुसरी बाजू म्हणायची, पुरात माणूस आधीच भेदरलेला असतो, त्याच्या हातात बंदूक दिली तर चोर राहील बाजूला आणि शेजारी मरेल. दोन्ही बाजू कोरड्यात बसून बोलायच्या. आम्ही इकडं चिखल काढत ऐकायचो.

शेवटी सरकारनं मधला मार्ग काढला. बंदूक मिळेल, पण भयकुलूप असलेली. आमच्याकडं पहिल्या दिवसापासून तिला सगळे भित्रीच म्हणतात.

त्यामागचं शास्त्र परवान्याच्या शिबिरात एका मुलीनं फार नीट समजावलं होतं. हल्ला करणारा माणूस रागात असतो नाहीतर हावेत असतो, आणि स्वतःला वाचवणारा असतो भीतीत. काळीज दोघांचंही धडधडतं. पण रागात रक्त हातांकडं धावतं, बोटं गरम होतात. भीतीत तेच रक्त आत ओढलं जातं, बोटं गार पडतात, तळव्याला बारीक घाम सुटतो आणि स्नायू इतके हलके थरथरतात की डोळ्यांना दिसत नाही. बंदुकीच्या मुठीत हे सगळं मोजणारी एक चकती बसवलेली असते. हात रागावलेला असला, प्यालेला असला, नुसता हौशी असला, तर चाप जागचा हलत नाही. हात खरोखर घाबरलेला असला तरच टक् आवाज येतो, हिरवा दिवा लागतो आणि कुलूप सुटतं. त्याच वेळी नळीखालचा बारका कॅमेरा समोरच्याचा फोटो काढतो आणि सगळी नोंद थेट पोलीस ठाण्यात जाते. म्हणजे तुम्ही गोळी झाडलीत तरी तुमची भीती खरी होती, हा पुरावा आपोआप तयार. वकील नको, साक्षीदार नको. ऐकायला किती छान वाटतं बघा.

परवाना खरं तर आमच्या मालकांच्या नावावर निघायचा होता. पण त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. ती गोळी काळजाला धडधडू देत नाही आणि हाताला थरथरू देत नाही, माणूस आतून कितीही घाबरलेला असो. शिबिरात त्यांच्या हातात भित्री देऊन पुराची फिल्म दाखवली. बुडणारी घरं, अंधारातून येणारी माणसं. कुलूप काही सुटेना. पुन्हा दाखवली, तरी नाही. साहेब वैतागले आणि म्हणाले, अक्का, तुम्ही धरून बघा. फिल्म निम्मीसुद्धा झाली नव्हती, तोवर टक्.

"अक्का, तुम्ही फर्स्टक्लास घाबरता," साहेब म्हणाले, आणि माझा फोटो काढला.

गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या पुरुषांना त्याच गोळ्या. त्यामुळं भित्र्या बहुतेक बायकांच्याच नावावर निघाल्या. आणि त्यातून एक गंमत झाली. आमच्याकडं पूर आला की बायका-पोरं जनावरं घेऊन वरच्या शाळेत जायची आणि घर राखायला माडीवर पुरुष मागं राहायचे. आता बंदूक जिची तीच माडीवर राहणार. म्हणजे पुरुष जनावरं घेऊन शाळेत आणि बायका एकट्या माडीवर. सन्मती फोनवर म्हणाला होता, आई, पूर आला की पोलीस येईपर्यंत तुझं कोण आहे? मी म्हटलं, रंगराव भावजी आहेत की. तो म्हणाला, आई, तू फार भोळी आहेस.

रंगराव चव्हाण आमचे शेजारी, मधे फक्त एक बोळ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला गावात पहिल्यांदा वहिनी म्हणणारा माणूस तो. आमच्या मालकांना ते अण्णा म्हणतात. उंच, काळेसावळे, आवाज असा की बोळाच्या तोंडाशी खोकले तरी आमचं मांजर उठून बसतं. बोलणं मात्र सगळं चेष्टेचं. सन्मतीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ता बंद होता, तर ह्या माणसानं मला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि वाटभर बैलांनाच शिव्या देत राहिले, म्हणजे माझ्याकडं बघायला नको. त्यांची बायको शेवंता, ते तिला शेवंती म्हणतात, माझी मैत्रीण. आमच्या घरचं ताक त्यांच्या घरात आणि त्यांच्या घरचा हुरडा आमच्यात, असं चाललेलं.

आता पूरपट्ट्यातली एक रीत सांगते, कारण ती माहीत नसली तर पुढचं कळणार नाही. पाणी गोठ्यात शिरलं आणि गोठ्याचा मालक जवळ नसला, तर ज्याला दिसेल त्यानं जनावराचं दावं तोडायचं. विचारायचं नाही. बांधावरून कोर्टकचेरी चालू असली तरी तोडायचं. बांधलेलं जनावर पुरात उभ्याउभ्या मरतं आणि मोकळं पोहून निघतं. ओल्या दाव्याची गाठ काही केल्या सुटत नाही, म्हणून हातात कोयता घेऊनच जायचं. आणि हाक मारायची नाही. पाण्यात उभं असलेलं जनावर बुजलेलं असतं, माणसाचा ओरडा ऐकला की हिसका देऊन गळ्याला फास लावून घेतं. म्हणून गुपचूप शिरायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि तोडायचं. मागं एकदा आम्ही मिरजेत लग्नाला अडकलो होतो तेव्हा आमची तीन जनावरं रंगरावांनी अशीच वाचवली होती. परक्याला वाटेल, कुणीतरी कोयता घेऊन चोरपावलानं दुसऱ्याच्या घरात शिरतंय. भित्री बनवणाऱ्यांना ही रीत कुणी सांगितली नसणार.

गेल्या पावसाळ्यात पाणी आलं. सकाळी मालक गायी घेऊन वरच्या शाळेत गेले. भुरी म्हैस मागं राहिली, कारण ती आदल्याच दिवशी व्याली होती आणि रेडकू चालत नव्हतं. पाणी ओट्याच्या खाली थांबलेलं, मोबाइलवर पण उतरणार म्हणून आलेलं. मी माडीवर एकटी. खरं सांगते, मला पाण्याची भीती वाटत नव्हती. भीती मोबाइलनं घातली. गावाच्या ग्रुपवर दर पाच मिनिटांनी कुणीतरी टाकायचं, खालच्या गल्लीत अनोळखी होडी दिसली, सावध राहा. कुठल्या गावची खालची गल्ली, कुठल्या वर्षीचा फोटो, काही पत्ता नाही. मी बंद करायचे आणि परत उघडून बघायचे.

दुपारी धरणाची दारं उघडली. मोबाइलवर भोंगा झाला आणि बघता बघता पाणी ओट्यावर चढलं. भुरी हंबरायला लागली. मला पोहता येत नाही. जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेलेल्या. मालकांना फोन लावला तर लागेना. आभाळ इतकं भरून आलं होतं की भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. आणि खिडकीतून मला दिसलं, बोळातून एक काहील येत होती. काहील म्हणजे गूळ करायची मोठी कढई, पुरात आमच्याकडं लोक तिचीच होडी करतात. तिच्यात एक माणूस, डोक्यावरून पोतं घेतलेलं, हातात कोयता. तो हाक मारेना, काही बोलेना. काहील आमच्या गोठ्याच्या खांबाला लावली आणि खाली उतरला.

मला कळायला हवं होतं म्हणतात सगळे. अहो, कळतं कुठं? मी कपाटातून भित्री काढली, खिडकीतून रोखली आणि हातात टक् झालं. हिरवा दिवा लागला. तेवढ्यात त्या पोत्याखालून आवाज आला, "हो हो हो, भुरे, हो माझी बाय," आणि तो आवाज साऱ्या पंचक्रोशीत एकाच माणसाचा आहे. मी भित्री खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.

रंगरावांनी दावं तोडलं. भुरी पोहत बोळाच्या वरच्या अंगाला निघाली, रेडकू त्यांनी काहिलीत घातलं, वर चढाला सोडून आले आणि मग भिजल्या अंगानं माडीवर आले. मी गॅसवर चहा टाकला. मी सांगितलं, भावजी, मी तुमच्यावर बंदूक रोखली होती. ते इतके हसले की चहा नाकात गेला. म्हणाले, मारायची होती वहिनी, शेवंती सुटली असती. मीही हसले. हसता हसता रडलेसुद्धा थोडी. तेवढ्यात मोबाइल वाजला. ठाण्याचा संदेश होता. 'आपली भयनोंद मिळाली आहे. काळजी करू नका, योग्य ती कारवाई होईल.'

आम्ही दोघांनी तो वाचला आणि त्यावरही हसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रंगरावांना पोलिसांनी नेलं. भित्रीनं काढलेला फोटो त्यांच्याकडं होता. पोत्याखालून निम्मा दिसणारा चेहरा, कोयता, दुसऱ्याच्या घराचं आवार, आणि शेजारी आकडा, म्हणजे माझी भीती किती होती त्याचा. शंभरात एक्याण्णव. कायदा असा, की ज्याच्यामुळं कुलूप सुटलं तो माणूस भयकारक. गोळी झाडली नाही झाडली, काही फरक नाही. शिक्षा पाच पावसाळे तडीपार. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत पूरपट्ट्यात पाऊल ठेवायचं नाही. शेतकऱ्याला पावसाळ्याचे चार महिने गावाबाहेर काढलं तर त्यानं काय करायचं, उसाला काय फोनवरून खत घालायचं? शेवंताचे गुडघे गेलेले, मुलगी नांदायला गेलेली. पाच पावसाळ्यांत ते घर मोडलं असतं.

मी धावतपळत ठाण्यात गेले. इनामदार नावाच्या फौजदारबाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या, तीन दिवस झोपलेल्या नसाव्यात. मी म्हटलं, बाई, तो माणूस माझी म्हैस वाचवायला आला होता, मी त्याला भ्याले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाल्या,

"अक्का, तोंडानं सगळेच शेजाऱ्याला सांभाळून घेतात. त्याच गावात राहायचं असतं ना. म्हणून तर कायद्यानं तोंडाचं ऐकायचं सोडलं. हात खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, आमच्या संस्थेत मशीन दुधाची फॅट सांगतं, पण ती म्हैस कुणाची आणि काय खाऊन आली, ते मशीन सांगत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मला पटतंय हो, पण माझ्या हातात काही नाही. एकच वाट आहे. फेरभेट. पूर ओसरल्यावर दोघांना समोरासमोर उभं करायचं, धरणारीच्या हातात भित्री, समोरच्याच्या हातात त्या दिवशी जे होतं ते. कुलूप सुटलं नाही तर नोंद रद्द, माणूस मोकळा. सुटलं तर शिक्का कायम, पुढं अपील नाही.

मला हायसं वाटलं. एवढंच ना, म्हटलं मी.

पण फेरभेटीला महिना होता आणि तो महिना काढणं नको झालं. गावात बोलणं सुरू झालं. एक्याण्णव म्हणजे काय थोडं झालं का, उगीच कुणी एवढं घाबरतं का? आधी काहीतरी घडलं असणार. संस्थेत दूध घालायला आलेल्या बायका माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या. शेवंता दूध घालायला यायचीच बंद झाली, शेजारच्या पोरीजवळ किटली पाठवायची. मी तिच्या दारात गेले तर ती आत भाकरी थापत राहिली. वळून एवढंच म्हणाली, "पद्मा, ते तुझ्या बाळंतपणात धावले गं." मी तशीच परत आले.

आणि एक दिवस जेवताना आमच्या मालकांनी विचारलं. ताटाकडं बघत विचारलं, की रंगरावानं तुला कधी काही, म्हणजे मी घरात नसताना. इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता. मला राग इतका आला की त्या वेळी भित्री हातात असती तर मुळीच उघडली नसती. मी म्हटलं, तुमच्या मित्राबद्दल तुम्ही मला विचारताय? ते म्हणाले, मी नाही गं, तो आकडा विचारतोय. मी ताट तसंच ठेवून उठले. चार दिवस आम्ही बोललो नाही. मग बोलायला लागलो, पण आधीसारखं नाही.

फेरभेटीच्या आदल्या दिवशी मालकांनी त्यांची ब्लडप्रेशरची गोळी कागदात गुंडाळून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, तासभर आधी घे, कुलूप सुटायचं नाव घेणार नाही. सगळी गावं हेच करतात म्हणे. मला तेव्हा त्यांचं बरं वाटलं. मित्रासाठीच करत होते ते. मी ती गोळी पदराच्या गाठीत बांधली. म्हटलं, घेऊन टाकावी, सुटू दे तो माणूस, मला आता ह्या सगळ्याचा वीट आलाय.

संध्याकाळी रंगराव संस्थेत आले. जामिनावर होते. महिन्याभरात केवढे उतरले होते, सदरा अंगात फिरत होता. दूध घालणारे सगळे गेल्यावर पुढं आले आणि काउंटरच्या पलीकडं उभे राहिले. त्या दिवशी चेष्टा नाही, काही नाही. म्हणाले, अण्णांनी तुम्हाला गोळी दिली असेल. माझा हात पदराच्या गाठीकडं गेला.

"नका घेऊ वहिनी," ते म्हणाले.

मी म्हटलं, भावजी, वेडेपणा करू नका, तुमचं घर मोडायची वेळ आली आहे. तर ते म्हणाले, घराचं बघू. पण गावात लोक माझ्याकडं कसं बघतात माहीत आहे? मी बोळातून आलो की पोरी घरात शिरतात. शेवंती सुद्धा विचारते. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच, की तो आकडा खरा असला तर? मी आडदांड माणूस, माझा आवाज मोठा, मला कुठं कळतं बाईमाणसाच्या मनात काय असतं. गोळी घेऊन तुम्ही मला सोडवलंत तर मला जन्मभर कळणार नाही.

"मला खरं काय ते एकदा कळू दे," ते म्हणाले. "तुम्ही मला भीत नाही, एवढं मला बघायचंय. मग पाच काय, दहा पावसाळे काढतो."

मी त्यांच्यासमोर पदराची गाठ सोडली आणि गोळी सिंकमधे टाकली. म्हटलं, भावजी, उद्या बघाच तुम्ही. मला खात्री होती हो. मी त्या माणसाला कशाला भिऊ? आपल्या पाठच्या भावाला कुणी भितं का?

फेरभेट तालुक्याच्या कचेरीत, एका लांबट खोलीत होती. एका बाजूला काचेचं दार, त्याच्या पलीकडं बाकावर नातेवाईक बसवलेले. इनामदारबाईंनी मला भित्री दिली. रंगरावांच्या हातात कोयता दिला आणि समोरच्या भिंतीजवळ उभं केलं. म्हणाल्या, त्यांनी चालत तुमच्यापर्यंत यायचं, थांबायचं आणि मी सांगेपर्यंत उभं राहायचं. एवढंच.

ते चालत आले. मी बघत होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. कोयता घेऊन येणारा तो माणूस मला हजारदा दिसलेला आहे, उसात, बांधावर, आमच्याच अंगणात शहाळी सोलताना. माझी बोटं उबदार होती. ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि माझ्याकडं बघून जरासे हसले. महिन्यानं पहिल्यांदा. इनामदारबाई घड्याळाकडं बघत होत्या. भित्री गप्प. माझ्या मनात आलं, संपलं बाई एकदाचं, आता घरी जाऊन शेवंताला चहाला बोलावते.

आणि माझी नजर काचेकडं गेली. शेवंता बाकावर बसली होती. पायाशी पिशवी होती, तिच्यात रंगरावांचे कपडे घडी करून भरलेले. तिनं तयारी करूनच आणली होती. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, अगं, हे काय, आता सुटतातच की ते. आणि तेवढ्यात तो विचार आला. सुटले नाहीत तर? आत्ता ह्या शेवटच्या घटकेला माझ्या हातानं टक् केलं तर?

बस्स, एवढाच विचार. आणि मला माझं करंगळीचं टोक गार पडताना कळलं.

मी म्हटलं नको. मी णमोकार मंत्र म्हणायला लागले, मधेच शब्द विसरले. जन्मात कधी विसरले नव्हते. दुधाचा विचार केला, सन्मतीच्या लहानपणीचा विचार केला, आमच्या लग्नाचा केला. जितकं मी हाताला सांगत होते घाबरू नको, तितका तो गार होत चालला. तळव्याला घाम फुटला. ते माझ्याकडं बघत होते, हसू अजून चेहऱ्यावर होतं, आणि ते हसू जाईल, ह्याची मला एवढी भीती वाटली, की त्या पुरातसुद्धा वाटली नव्हती.

टक्.

हिरवा दिवा लागला. इनामदारबाईंनी डोळे मिटले. मी भित्री टेबलावर टाकली आणि ओरडले, की मी ह्यांना भ्याले नाही, हे सुटणार नाहीत म्हणून भ्याले, ह्यांच्यासाठी भ्याले! लिहा ते! इनामदारबाई जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाल्या, माहीत आहे अक्का. दर फेरभेटीला निम्म्या बायकांचं हेच होतं. पण किती भीती ते यंत्राला कळतं. कुणाची आणि कुणासाठी, ते कळत नाही. आणि कायदा यंत्राचं वाचतो. मग त्यांनी आकडा लिहिला. चौऱ्याण्णव. आधीपेक्षा जास्त.

मी रंगरावांकडं वळले. म्हटलं, भावजी, ऐकलंत ना तुम्ही? मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?

त्यांनी ऐकलं होतं. पण ते दिव्याकडं बघत होते. तो अजून जळत होता. त्यांनी कोयता सावकाश, पातं स्वतःकडं करून टेबलावर ठेवला.

"माफ करा वहिनी," ते म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज त्यांनी इतका बारीक केला होता की मला नीट ऐकू येईना. "तीस वर्षं तुमच्या घरात वावरलो. तुम्हाला एवढी भीती वाटत असेल, मला कळायला पाहिजे होतं."

मी नाही, नाही म्हणत पुढं झाले, त्यांचा हात धरायला. तर ते मागं सरकले. मी अजून एक पाऊल टाकलं, ते अजून मागं गेले. पाठ दाराकडं करून, दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे माझ्याकडं, मला नीट दिसतील असे धरून, तो माणूस पावलापावलानं खोलीबाहेर गेला.